सलाईन लावून घरी आणल्यावर

पावसाळा आला की आमच्या गटांच्या बैठकीत एक गोष्ट हमखास ऐकू येते. लेकराला जुलाब-उलट्या झाल्या, रात्री दवाखान्यात नेलं, सलाईन लावली, तरतरी आली, घरी आणलं. घरी पुन्हा एक उलटी झाली की कुणीतरी मोठं माणूस म्हणतं, "आता पाणी देऊ नका, पोटात ठरत नाही." खरा धोका इथंच आहे. सलाईनचं पाणी जुलाबावाटे परत निघून जातं. तोंडानं काही दिलं नाही, तर लेकरू सकाळपर्यंत पुन्हा सुकतं.

उलटी झाली की आपण दहा मिनिटं थांबायचं. मग जलसंजीवनी, म्हणजे ओआरएस, दोन-तीन मिनिटांनी एक चमचा अशी द्यायची. तहानलेलं लेकरू वाटीवर झडप घालतं, आपल्यालाही वाटतं पिऊ दे बिचाऱ्याला. पण घटाघटा प्यायलं की पुन्हा उलटी होते. हे मांडीवर घेऊन बसायचं काम आहे, तास-दोन तास सहज जातात. ते एकट्या आईवर टाकू नका. बापानं, आजीनं, आत्यानं पाळीपाळीनं बसावं.

मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात घालायचं, पाणी उकळून गार केलेलं. अर्धं पाकीट, अर्धा तांब्या असा अंदाज नको. 24 तासांनी उरलेलं ओतून द्यायचं. ग्लुकोज पावडर आणि थंडपेय ही जलसंजीवनी नव्हे. अंगावरचं दूध चालूच ठेवायचं, भूक लागली की मऊ भात, खिचडी. डॉक्टरांनी दिलेल्या झिंकच्या गोळ्या जुलाब थांबले तरी 14 दिवस पुऱ्या करायच्या.

काही डॉक्टर घरी जाताना उलटीचं औषधही देतात. कॅनडातल्या रुग्णालयांत मुलांना असं औषध घरी देऊन पाहिलं, 2025 साली निकाल आला, त्रास कमी झाला. पण त्याचं माप लेकराच्या वजनावर ठरतं. म्हणून मागच्या वेळची उरलेली बाटली नको, शेजारच्या मुलाची तर नकोच.

उलटी हिरवी किंवा रक्ताची झाली, शौचातून रक्त गेलं, सहा तास लघवी नाही, डोळे खोल गेले, लेकरू सुस्त पडलं, घोटभरही पोटात राहत नाही, पोटाला काढलेला चिमटा हळूहळू मागे जातो, यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट पाहू नका. 108 ला फोन करा.

पाकिटं आशाताईंकडे मिळतात. पुढच्या बैठकीला बचतीच्या पेटीत चार आणून ठेवा, रात्री कुणाला लागली तर पेटी कुणाच्या घरी आहे हे सगळ्यांना माहीत असतं.