इंद्रायणीत सोडलेले रोखे

इ. स. १६३०च्या सुमारास दख्खनवर जो दारुण दुष्काळ कोसळला, त्यात देहूच्या तुकोबांच्या, पिढीजाद महाजनकी चालविणाऱ्या सुखवस्तू घराची दुर्दशा झाली. व्यापाराचे दिवाळे निघाले आणि प्रथम पत्नी अन्नावाचून डोळ्यांदेखत गेली. अशा वेळी ज्याच्या पदरी कर्जखते आहेत, त्याने कुळांकडे वसुलीचा तगादा लावावा, हीच जगाची रीत. परंतु डोंगरावरील चिंतनातून परतलेल्या तुकोबांनी, परंपरा सांगते त्याप्रमाणे, निम्मे रोखे धाकटे बंधू कान्होबा यांच्या हवाली करून केवळ आपल्या हिश्शाचे इंद्रायणीत सोडले, आणि उद्याच्या निर्वाहाची चिंता विठ्ठलावर सोपविली. या वाटणीचे मला फार मोल वाटते, कारण भावाच्या हक्काला हात लावून त्यांनी औदार्य केले नाही.

पुढे तुकोबांचा द्वेष करणाऱ्या मंबाजींनी त्यांना काटेरी फांदीने झोडपले, तेव्हाचीही अशीच आख्यायिका आहे. त्या रात्री मंबाजी कीर्तनाला दिसेनात, म्हणून तुकोबा स्वतः त्यांच्या घरी गेले, आणि मारता मारता यांचे हात दुखले असतील, या कळवळ्याने ते हात चेपीत बसले.