वर येण्याचं गणित

नाशिकच्या माणसाला पाणी मोजायला यंत्र लागत नाही. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं, की आम्ही गोदाघाटावर जातो आणि दुतोंड्या मारुतीकडे बघतो. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, एवढं कानावर आलं, की सराफ बाजारातले दुकानदार काय समजायचं ते समजतात आणि माल माळ्यावर चढवतात. पाणी बाहेर किती चढलं हे अशा खुणेवरून कळतं. पण माणूस पाण्यात उतरला, तर ते पाणी त्याच्या आत काय करतं, याची खूण कुठे बघायची? हा प्रश्न मला माझ्या भाच्यामुळे पडला.

भाचा पुण्याला नोकरी करतो. मालवण-तारकर्लीला तुम्हांपैकी बरेच जण गेले असतील. तिथं पर्यटकाला पाठीवर हवेची टाकी बांधून, प्रशिक्षकाच्या हातात हात देऊन समुद्राचा तळ दाखवतात. भाचा आधी तसाच गेला, मग रीतसर शिकला. अठरा मीटरपर्यंत जाण्याचा दाखला मिळवून आला. आता त्याला स्वतःचं यंत्र हवं होतं. त्याला म्हणतात डाइव्ह कॉम्प्युटर. दिसतो जाडसर मनगटी घड्याळासारखा. आपा, म्हणजे माझी थोरली बहीण, मला म्हणाली, "तू दोन पुस्तकं जास्त वाचलीस, तू जा त्याच्याबरोबर. कसलंही घ्या, पण त्याला वर आणणारं घ्या."

यंत्र घेण्याआधी ते कशासाठी, हे समजून घेतलं. आपण श्वासातून जी हवा घेतो, तिच्यात जवळजवळ ७८ टक्के नायट्रोजन असतो. जमिनीवर तो आत येतो, बाहेर जातो, आपल्याला पत्ताही नसतो. पाण्यात दर दहा मीटरला एक वातावरणाचा दाब वाढतो. वीस मीटरवर तो जमिनीच्या तिप्पट होतो. त्या दाबाखाली नायट्रोजन रक्तात, चरबीत, सांध्यांत मुरत जातो. गोटी सोड्याची बाटली आठवा. गोटी जागेवर असते तोवर पाणी शांत. गोटी आत ढकलली, की फसफसून वर येतं. पाणबुड्या घाईनं वर आला, तर त्याच्या अंगात हेच होतं. सांधे दुखतात, हातपाय बधिर होतात, प्रसंगी माणूस लुळा पडतो.

हे गणित प्रथम नीट मांडलं जॉन स्कॉट हाल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञानं. त्यानं बकऱ्यांना दाबाच्या कोठीत ठेवलं आणि दाब वेगवेगळ्या वेगानं कमी करून पाहिला. ज्या बकरीला त्रास होई, ती पुढचा पाय उचलून धरी. त्यातून १९०८ साली तक्ते छापले गेले : इतक्या खोलीवर इतकी मिनिटं राहिलात, तर वर येताना इथं इथं थांबा. याच हाल्डेनचा मुलगा जे. बी. एस. हाल्डेन. वडिलांच्या प्रयोगांत तो लहानपणीच पाणबुड्याचा पोशाख घालून समुद्रात उतरला होता. पुढं तो मोठा जीवशास्त्रज्ञ झाला, १९५७ साली भारतात आला, इथला नागरिक झाला आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारला. म्हणजे हे गणित आपल्याला वाटतं तितकं परकं नाही.

तक्त्याची एक अडचण असते. तुम्ही सर्वांत खोल जिथं गेलात, तिथंच सगळा वेळ होतात असं तो धरून चालतो. डाइव्ह कॉम्प्युटर दर काही सेकंदांनी दाब आणि वेळ मोजतो. शरीराचे काही ऊती जलद भरतात, काही सावकाश, असे काल्पनिक कप्पे धरून कुठे किती वायू मुरला याचा हिशेब मांडतो. हाल्डेननं असे पाच कप्पे धरले होते, झुरिचच्या ब्यूलमाननं पुढं सोळापर्यंत नेले. १९८३ साली अमेरिकेत 'एज' नावाचं यंत्र बाजारात आलं आणि हा हिशेब पाणबुड्याबरोबर पाण्यात उतरला.

इथपर्यंत आल्यावर मी भाच्याला सहज विचारलं, "इतके दिवस यंत्राशिवाय काय करत होतास?" तो गप्प बसला. मग बोलला. मागच्या खेपेला त्यानं एका दिवसात दोन बुड्या मारल्या होत्या. पहिलीला एका मित्राचं यंत्र, दुसरीला दुसऱ्याचं. दुसऱ्या यंत्राला पहिल्या बुडीची खबरच नव्हती. त्याच्या लेखी हा गडी ताजातवाना. शिवाय वर येताना ते पिकपिक करत होतं, 'हळू, हळू' म्हणत होतं, ते यानं ऐकलं नाही. त्याच संध्याकाळी सगळे गाडीनं आंबोली घाट चढले. घाटात याचा खांदा दुखायला लागला. टाकी उचलून दुखला असेल म्हणून दोन दिवस अंगावर काढला. नंतर डॉक्टरांनी सांगितलं, हा नायट्रोजनच असण्याची शक्यता दाट आहे. लगेच सांगितलं असतं, तर प्राणवायू दिला असता. खांदा बरा झाला. "अम्मीला सांगू नका," एवढंच तो म्हणाला.

मित्रहो, आंबोली समुद्रसपाटीपासून साधारण ६९० मीटर उंच. तिथं हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा कमी. म्हणून पोहून आलेल्या माणसानं लगेच विमानात बसू नये, एका बुडीनंतर निदान बारा तास आणि अनेक बुड्यांनंतर निदान अठरा तास थांबावं असं सांगतात. सहाशे मीटरवरच्या घाटालाही हाच नियम लावतात. आपल्या देशावरच्या माणसाला तर मालवणहून घरी यायचं म्हणजे घाट चढणं आलंच. हे त्या कोर्समध्ये शिकवलेलं असतं. पण गाडी सुरू झाली की कुणाला आठवतं?

त्या कबुलीनंतर आमची खरेदी सोपी झाली. भाच्याला रंगीत पडद्याचं, टाकीतल्या हवेचा दाबही बिनतारी दाखवणारं, होकायंत्र असलेलं हवं होतं. मी त्याला दुकानाच्या कोपऱ्यातल्या अंधाऱ्या जागी नेलं, हात लांब करायला लावला आणि विचारलं, "सांग, किती खोल आहेस? किती मिनिटं उरली?" तो आकड्यांच्या गर्दीत शोधत बसला. मग साधं यंत्र हातात घेतलं. सुन्तो, मारेस, क्रेसी या कंपन्यांची अशी प्राथमिक यंत्रं असतात. खोली, गेलेला वेळ, उरलेला वेळ, तीन मोठे आकडे. एका नजरेत वाचले. मालवणचं पाणी काही दिवस गढूळ असतं, तिथं मोठा आकडा आणि पडद्यामागचा दिवा हीच खरी श्रीमंती.

बाकीही पाहिलं. बॅटरी घरी बदलता येते का, की दर वेळी यंत्र कंपनीकडे पाठवायचं? हिशेब जास्त सावध करण्याची सोय आहे का? वय झालेल्या, जाड, थकलेल्या किंवा पाणी कमी प्यालेल्या माणसाला ती लागते. यंत्राला तुमचं रक्त दिसत नाही, ते फक्त दाब आणि घड्याळ बघतं. पुढं प्राणवायू जास्त असलेली हवा वापरायची झाली, तर ते प्रमाण त्यात भरता येतं का? आणि वर येण्याचा वेग वाढला, मिनिटाला नऊ-दहा मीटरच्या पुढं गेला, तर ते ठणकावून सांगतं का? पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायची आठवण देतं का? साधं यंत्र एवढं सगळं करत होतं. तेच घेतलं. आणि एक अट घातली : हे कुणाला द्यायचं नाही, कुणाचं घ्यायचं नाही. चष्मा आणि औषधासारखंच हे, ज्याचं त्यानं वापरायचं.

पावसाळ्यात तिथं सगळं बंद असतं. दिवाळीनंतर भाचा पुन्हा मालवणला गेला. रविवारी रात्री यायचा होता. आपानं बिर्याणी लावून ठेवली होती. संध्याकाळी त्याचा मला फोन आला. "मामू, दोन बुड्या झाल्या. आज घाट चढत नाही. उद्या दुपारी निघतो. अम्मीला तुम्हीच सांगा."

मी सांगितलं. कारणही सांगितलं, खांद्याचं तेवढं वगळून. आपानं पातेल्यावर झाकण ठेवलं. म्हणाली, "तीस वर्षं मी थांब म्हणतेय, ते ऐकलं नाही. मशीन म्हणालं तर थांबला. चांगलं आहे मशीन."

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)