घरोघरच्या ध्वनिचित्रफिती : मूळ प्रत आणि नित्याची प्रत

(बऱ्हाणपूर येथील मठात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



तापीकाठच्या या बऱ्हाणपुरात जी जुनी मराठी घरे आहेत, त्यांतील कोणत्याही घरी माळ्यावर किंवा कपाटाच्या वरच्या फळीवर शोध केला असता एखादे पुठ्ठ्याचे खोके बहुधा हाती लागते. त्यात ध्वनिचित्रफितींच्या कॅसेटी असतात. काही पुस्तकाएवढ्या, काही काडेपेटीहून थोड्या मोठ्या. एकीवर ‘मुंज’ असे लिहिलेले असते, दुसरीवर ‘सप्ताह’, आणि उरलेल्यांवर काहीच नाही. त्या फितींत कोणाची आजी ओवी म्हणत असते, कोणाचे वडील काकड आरतीला टाळ धरून उभे असतात, आणि ज्या कीर्तनकारांचा शब्द आता कानी पडणे नाही, ते अभंगाचा पहिला चरण उचलीत असतात. घरच्या मंडळींचा समज असा की, खोके सुरक्षित आहे म्हणजे आतील वस्तूही सुरक्षित आहे. आजचे विवेचन याच समजाविषयी आहे.

घरगुती चित्रीकरणाचा इतिहास जेमतेम अर्ध्या शतकाचा. १९७६ साली जपानात व्हीएचएस कॅसेट निघाली. १९८५ साली सोनी कंपनीने आठ मिलिमीटर रुंदीच्या फितीचा हातात धरावयाचा कॅमेरा आणला, आणि १९९५ मध्ये डीव्ही ही अंकीय पद्धत आली, जिची लहान कॅसेट ‘मिनी डीव्ही’ या नावाने घरोघर पोहोचली. पुढे फीतच गेली आणि कॅमेऱ्यातील कार्डावर चित्रे साठू लागली. प्रत्येक नव्या साधनाने मागील साधनाला निवृत्त केले. जुलै २०१६ मध्ये जपानच्या फुनाई कंपनीने व्हीएचएस यंत्रांचे उत्पादन थांबविले, तेव्हा ही यंत्रे करणारा शेवटचा मोठा कारखाना बंद झाला. २०१९ साली युनेस्कोने चुंबकीय फितींविषयी जगभर इशारा दिला. त्याचा आशय असा होता की, २०२५ च्या सुमारास फिती असतील, परंतु त्या वाजविणारी यंत्रे, त्यांचे सुटे भाग आणि ती दुरुस्त करणारे हात बहुतेक ठिकाणी उरणार नाहीत. ते वर्षही आता मागे पडले आहे. पोथी जीर्ण झाली तरी डोळे असणाऱ्याला ती वाचता येते. फितीचे तसे नाही. यंत्रावाचून ती केवळ तपकिरी पट्टी होय.

तेव्हा पहिले कर्तव्य नक्कल करून घेण्याचे. परंतु नक्कल कशी करावी, याविषयी फार घोटाळा माजलेला आहे. पुष्कळ घरी असे घडते की, कॅसेट दुकानात देतात, दुकानदार तिची एक आटोपशीर फाइल करून देतो, ती भ्रमणध्वनीवर दिसते, सर्वांना आनंद होतो, आणि ‘आता हिचे काय काम?’ असे म्हणून मूळ कॅसेट रद्दीत जाते. येथे दोन भिन्न कामे एकच समजली जातात. फितीवर जे आहे ते जसेच्या तसे उतरवून घेणे हे एक काम, आणि पाहण्याच्या सोयीसाठी त्याचे रूपांतर करणे हे दुसरे.

मराठी माणसाला हा भेद नवा नाही. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर कसे असावे, ओळ कशी धरावी, हे सांगतानाच पानाच्या भोवती जागा सोडावी असे समर्थ सांगतात. कारण कागदाची कड झडली तरी अक्षर झडू नये. ही सोडलेली जागा वाचकासाठी नाही. ती काळासाठी आहे. डोमगावच्या मठात कल्याणस्वामींच्या हातची दासबोधाची प्रत जपली गेली, आणि शेजारच्या खानदेशात, धुळ्यास, शंकर श्रीकृष्ण देव यांनी १८९३ साली सत्कार्योत्तेजक सभा स्थापून समर्थसंप्रदायाची बाडे गोळा केली, म्हणून पुढील छापील आवृत्त्यांना आधार मिळाला. नित्यपाठाची पोथी कितीही वेळा नव्याने छापता येते, परंतु जिच्यावरून पाठ पडताळून पाहावयाचा ती प्रत गेली की नंतरच्या सर्व आवृत्त्या निराधार होतात. ध्वनिचित्रफितीलाही हाच न्याय लागू आहे. मूळ प्रत वेगळी, नित्याची प्रत वेगळी.

आता प्रत्यक्ष कृती. मिनी डीव्ही कॅसेटीवर चित्र अंकांच्याच रूपाने नोंदलेले असते. म्हणून ज्या कॅमेऱ्यावर चित्रीकरण झाले तो, किंवा त्या जातीचा दुसरा, फायरवायर नावाच्या तारेने संगणकाला जोडला, तर फितीवरील अंक जसेच्या तसे संगणकात उतरतात; त्यात रूपांतर मुळीच होत नाही. तासाची कॅसेट उतरावयास तासच लागतो, घाई चालत नाही, आणि तासाभराच्या चित्राला सुमारे १३ जीबी जागा लागते. हा आकडा ऐकून पुष्कळ गृहस्थ मागे सरतात आणि कॅमेऱ्याच्या पिवळ्या-तांबड्या-पांढऱ्या तारांनी काम भागवितात. त्या मार्गाने अंकांचे पुन्हा साधे विद्युत्संकेत होतात व संगणकात त्यांचे पुन्हा अंक होतात; म्हणजे शुद्ध प्रत समोर असता तोंडी ऐकून उतरवून घेण्यासारखे होय. कित्येक कॅमेऱ्यांना यूएसबीचेही भोक असते, परंतु त्यातून बहुधा स्थिर छायाचित्रे किंवा हलक्या दर्जाचे चित्रच मिळते. नव्या संगणकांना फायरवायरची सोय नसते. यावर सोपा उपाय असा की, ज्याच्या घरी जुना संगणक अडगळीत पडला असेल, त्याने तो भंगारात देऊ नये.

व्हीएचएस आणि आठ मिलिमीटरच्या जुन्या फितींची गोष्ट निराळी. त्यांवर अंक नसतात, म्हणून चांगले यंत्र व अंकीकरणाचे उपकरण लागते. ते चित्र संगणकात घेताना अशी संकोचनपद्धती निवडावी की जिच्यात काहीही गळत नाही. एफएफव्ही१ ही तशी पद्धती खुली आहे. कोणत्याही एका कंपनीच्या मर्जीवर ती अवलंबून नाही, आणि २०२१ साली तिचे संपूर्ण वर्णन जाहीर मानकाच्या रूपाने प्रसिद्ध झालेले आहे. उद्या आजचे सर्व संगणक नाहीसे झाले तरी त्या वर्णनावरून नवा वाचक घडविता येईल. या पद्धतीने तासाला २५ ते ४० जीबी जागा जाते. ती जावी.

कॅसेट यंत्रात घालण्यापूर्वी तिच्या खिडकीतून आत पाहावे. फितीच्या कडेवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी होय, आणि तशी कॅसेट यंत्रात कदापि घालू नये. ती स्वतः बिघडतेच, शिवाय यंत्राला लागलेली बुरशी पुढच्या कॅसेटींना लागते. जाणत्याकडून ती साफ करून घ्यावी. त्याचप्रमाणे पुसले जाण्यापासून रक्षण करणारी जी लहान कळ किंवा पाठीमागील चिमटी असते, तिची व्यवस्था आधी करावी. मिनी डीव्हीची कळ सरकवावी, व्हीएचएसची चिमटी मोडून टाकावी. एवढ्याशा गोष्टीवाचून किती सप्ताहांवर किती वाढदिवस चढले असतील, कोण सांगणार! हा प्रमाद केवळ घरगुती नव्हे. १९६९ साली मनुष्य चंद्रावर उतरला, त्या प्रसंगाचे मूळ संकेत ज्या फितींवर नोंदले होते, त्या पुसून पुन्हा वापरल्या गेल्या असाव्यात, असे चाळीस वर्षांनी अमेरिकेच्या नासा संस्थेला कबूल करावे लागले. दूरचित्रवाणीवर दाखविलेले चित्र उरले. त्याहून स्पष्ट असलेले मूळ गेले. भारतातील पहिला बोलपट ‘आलम आरा’ १९३१ चा, त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही, आणि दादासाहेब फाळके यांचा १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ही संपूर्ण पाहावयास मिळत नाही. पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले ते १९६४ साली. तोवर पुष्कळ काही हातचे गेले होते.

मूळ प्रत उतरवून झाली, ती एकदा आरंभापासून अखेरपर्यंत पाहिली, म्हणजे मग रूपांतराकडे वळावे. सर्वत्र दिसणारी एच.२६४ पद्धतीची प्रत तासाला दीड-दोन जीबीत उत्तम होते, आणि नातवंडांना पाठविण्यास तीच योग्य. परंतु हेही काम डोळे मिटून करण्याचे नव्हे. जुन्या चित्रात सेकंदाला २५ चौकटी असतात, आणि प्रत्येक चौकट दोन अर्धुकांची मिळून होते. एकात विषम ओळी, दुसऱ्यात सम. म्हणजे सेकंदाला हालचालीचे ५० क्षण टिपलेले असतात. निष्काळजी रूपांतरात त्यांतील निम्मे फेकले जातात, किंवा दोन्ही अर्धुके एकत्र कालवून कडांना फणीचे दाते येतात. याचा परिणाम मृदंगावरील बोटांत तात्काळ दिसतो; थाप ऐकू येते आणि हात मात्र अडखळतो. म्हणून ओळींची जुळणी करताना ५० च्या ५० क्षण राखावेत. दुसरी खोड प्रमाणाची. ७२० गुणिले ५७६ हे माप चारास तीन या प्रमाणात बसत नाही. ते बसवून दाखवावे लागते. ते न केल्यास चेहरे उभट दिसतात, आणि रुंद पडद्यावर ताणून दाखविल्यास तेच चपटे होतात. साधुपुरुष असो वा घरचा आजोबा, त्याचे मुख बदलण्याचा अधिकार संगणकाला कोणी दिलेला नाही. चुका झाल्या तरी हरकत नाही, मूळ प्रत शाबूत असेल तर रूपांतर पुन्हा करता येते. सगळा भरवसा त्या एका ‘तर’वर आहे.

कार्डावर चित्रण करणाऱ्या अलीकडच्या कॅमेऱ्यांविषयी एवढेच सांगणे पुरे की, कार्डातील संपूर्ण कप्पा आहे तसा उचलून ठेवावा. लांब चित्रणाचे कॅमेरा आपोआप तुकडे पाडतो. त्यांतील हवे ते वेचून जोडू गेल्यास सांध्यावर आवाज तुटतो.

याहून महत्त्वाची गोष्ट नावाची आणि तिथीची. संगणकात फाइल उतरते तेव्हा तिच्यावर उतरविल्याचा दिवस पडतो, घडल्याचा नव्हे. डीव्ही फितीत चित्रणाची तारीख-वेळ गुप्तपणे नोंदलेली असते, परंतु कॅमेऱ्याच्या घड्याळाची बॅटरी संपलेली असल्यास तीही खोटी. याच बऱ्हाणपुरात जामा मशिदीचा शिलालेख पाहावा. फारुकी राजा आदिलशाह याने अरबीबरोबर संस्कृतातही लेख कोरविला, आणि त्यात संवत् १६४६, शके १५११, संवत्सराचे नाव, मास, पक्ष, वार असे सर्व दिले आहे. त्यामुळे सव्वाचारशे वर्षांनंतरही, इसवी सन १५९० च्या आरंभीचा तो दिवस कोणता, हे निश्चित करता येते. घरच्या कॅसेटीचा दिवस मात्र वीस वर्षांत हरवतो. फाइलीच्या नावात प्रथम वर्ष, मग महिना, मग दिवस, नंतर प्रसंग व स्थळ असा क्रम ठेवावा, म्हणजे संगणक त्या आपोआप कालक्रमाने लावतो. दिवस नक्की नसेल तेथे ‘अदमासे’ असे प्रामाणिकपणे लिहावे.

प्रती तीन असाव्यात. दोन घरातील निरनिराळ्या हार्ड डिस्कवर, आणि तिसरी दुसऱ्या गावी, लेकीच्या किंवा भावाच्या घरी. आग आणि पूर दोन्ही गावी एकदम येत नाहीत. पेनड्राइव्ह हे ने-आण करण्याचे साधन आहे, जतनाचे नव्हे. पोथीच्या अध्यायाअखेर लेखक ओवीसंख्या लिहीत, म्हणजे पुढील नक्कलकाराला गळती कळे. संगणकही फाइलीतील सर्व अंकांवरून एक चौसष्ट अक्षरांची मुद्रा काढून देतो. फाइलीत एक अंक बदलला तरी मुद्रा निराळी येते. ती कागदावर उतरून खोक्यात ठेवावी आणि वर्षातून एकदा, दसऱ्याला शस्त्रे व ग्रंथ पुजतात त्या वेळी, ताडून पाहावी. मूळ कॅसेटी उभ्या ठेवाव्यात, आणि पत्र्याखालच्या माळ्यावर तर ठेवूच नयेत. इथला वैशाख आणि त्यानंतरची ओल या दोहोंना तोंड देईल अशी फीत कोणी केलेली नाही.

एक सावधगिरी आणखी. घरातील चित्रण हे घरचे असते. त्यात दुःखाचे प्रसंग असतात, परक्यांच्या लेकीबाळी असतात. जतन करणे म्हणजे जगापुढे मांडणे नव्हे. ज्यांची मुखे त्यात आहेत त्यांना विचारल्यावाचून काहीही बाहेर देऊ नये.

या सर्व कामांत संगणकाला न येणारे काम एकच आहे, आणि त्यालाच अवधी सर्वांत थोडा आहे. चित्रातील माणसे ओळखावयाची असतात. मंडपात तिसऱ्या रांगेत बसलेली नऊवारीतील बाई कोण, पखवाजाला साथ करणारा मुलगा कोणाचा, हे सांगणारे घरात एखाददुसरेच उरलेले असतात. म्हणून नित्याची प्रत तयार झाली की ती प्रथम घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीसमोर लावावी. हळू लावावी, मध्ये मध्ये थांबवावी, शेजारी वही घेऊन एकाने बसावे, आणि त्या व्यक्तीने बोट दाखवून जे जे नाव घेतले ते ते, चित्रातील मिनिट-सेकंदासह, लिहून घ्यावे. ती भलत्याच आठवणीत शिरली तर तिला अडवू नये, तेही लिहावे. दहा-बारा घरांनी मिळून एक चालू यंत्र, एक जुना संगणक आणि अशी एक वही राखली, तर पुढील पावसाळ्यापूर्वी निदान ज्या कॅसेटींवर काहीच लिहिलेले नाही, त्यांच्यापासून आरंभ करता येईल.