सेंट जॉर्जचे न गाजलेले खेळाडू

सिडनी क्रिकेट ग्राउंडची ओळख आपल्याकडे कुणाला करून द्यावी लागत नाही. २००४ च्या जानेवारीत सचिन तेंडुलकरनं तिथे नाबाद २४१ धावा काढल्या, तो डाव आजही अनेकांच्या तोंडी असतो. क्रिकेटचा मोसम संपला की याच मैदानावर रग्बी लीगचे सामने व्हायचे. १९५६ ते १९६६ अशी ओळीनं अकरा वर्षं सिडनीच्या स्पर्धेचा अंतिम सामना इथे झाला आणि अकराही वेळा सेंट जॉर्ज हा एकच क्लब जिंकला. सेंट जॉर्ज म्हणजे शहराच्या दक्षिणेकडचा भाग. कोगरा, हर्स्टव्हिल, रॉकडेल ही त्यातली उपनगरं. तरुण डॉन ब्रॅडमन सिडनीत आला तेव्हा याच भागाच्या क्रिकेट क्लबकडून खेळला होता. सलग अकरा विजेतेपदांचा हा पराक्रम त्या स्पर्धेत पुन्हा कुणाला जमलेला नाही. त्याची गोष्ट सांगताना मात्र तीच तीच चार नावं घेतली जातात. ती चौघं मोठी होती यात वाद नाही. पण त्या अकरा वर्षांचा पाया दुसऱ्याच काही खेळाडूंनी घातला आणि तो त्यांनीच सांभाळला, असं माझं मत आहे. त्याची कारणं आज तुमच्यापुढे मांडतो.

आधी ती चार नावं. ऑस्ट्रेलियन रग्बी लीगमध्ये सर्वश्रेष्ठ मानलेल्या मोजक्या खेळाडूंना ‘इमॉर्टल’ म्हणजे अमर असा किताब दिला जातो. १९८१ साली पहिले चौघे निवडले गेले, त्यात रेग गॅस्नियर आणि जॉनी रेपर हे दोघे सेंट जॉर्जचे होते. १९९९ मध्ये ग्रॅम लँगलँड्सची निवड झाली आणि २०१८ मध्ये नॉर्म प्रोव्हनची. आता या निवडीशेजारी क्लबचा इतिहास ठेवून पाहा. गॅस्नियर आणि रेपर १९५९ मध्ये सेंट जॉर्जकडून खेळू लागले, लँगलँड्स १९६३ मध्ये आला. म्हणजे १९५६, १९५७ आणि १९५८ ही पहिली तीन विजेतेपदं या तिघांपैकी कुणीही संघात नसताना मिळालेली आहेत. चौघांपैकी सुरुवातीपासून होता तो एकटा प्रोव्हन. अकरापैकी दहा अंतिम सामने तो खेळला आणि दहाही जिंकला. त्याच्याच गळ्यात हा मान सगळ्यांत शेवटी, पहिल्या निवडीनंतर सदतीस वर्षांनी पडला. उंचापुरा, दुसऱ्या फळीतला फॉरवर्ड, दर सामन्यात अंगावर मार घेणारा. इतक्या मोठ्या खेळाडूला जिथे इतकं थांबावं लागलं, तिथे त्याच्या खांद्याला खांदा लावून लढलेल्यांची काय कथा!

आता गुणफलकाकडे वळू. या अकरा अंतिम सामन्यांत सेंट जॉर्जनं मिळून २०५ गुण केले आणि विरुद्ध संघांना दिले फक्त ६३. सरासरी काढली तर एका सामन्यात सहा गुणसुद्धा भरत नाहीत. १९५९ मध्ये मॅनलीविरुद्ध २०-०, १९६१ मध्ये वेस्टर्न सबर्ब्सविरुद्ध २२-०. त्याहून बोलके आहेत ते १९६२ ते १९६५ चे चार सामने. निकाल होते ९-६, ८-३, ११-६ आणि १२-८. गॅस्नियर आणि रेपरसारखे खेळाडू संघात होते, १९६३ पासून लँगलँड्सही होता, तरी या चार सामन्यांत मिळून सेंट जॉर्जचे गुण भरतात चाळीस. विजयाचं अंतर कधी तीन गुणांचं, कधी चार, दोनदा पाच. अशा वेळी सामना कुणी जिंकून दिला म्हणायचा? चेंडू घेऊन सुसाट पळणाऱ्यांनी, की समोरच्याला गोलरेषेपर्यंत येऊच न देणाऱ्यांनी? आकडे दुसऱ्या बाजूनं साक्ष देतात.

याचं मूळ त्या काळच्या नियमात आहे. रग्बी लीगमध्ये एका बाजूला तेरा खेळाडू. चेंडू घेऊन पळणाऱ्याला पाडलं की तो उठतो, चेंडू टाचेनं मागे सरकवतो आणि त्याचाच संघ पुढे खेळू लागतो. आज अशी सहा वेळा संधी मिळते, मग चेंडू सोडावा लागतो. १९६६ पर्यंत ही मर्यादाच नव्हती. चेंडू हातात आला आणि चुकला नाहीत, तर तो हवा तितका वेळ तुमचाच. म्हणून दोन गोष्टींना सोन्याचं मोल होतं. एक, स्क्रममध्ये डोक्याला डोकं लावून ढकलाढकली चालू असताना पायानं चेंडू आपल्याकडे ओढणारा हूकर. आणि दुसरी, चेंडू समोरच्याकडे असताना पुन्हा पुन्हा, न कंटाळता, न दमता माणसं पाडत राहणारी मधली फळी. आपल्या कबड्डीत चढाई करणाऱ्याचा जयजयकार होतो खरा, पण पकडीला निदान एक गुण तरी मिळतो आणि तो फलकावर लागतो. रग्बी लीगमध्ये टॅकलला गुण नाही. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात ट्राय कुणी केल्या, म्हणजे चेंडू गोलरेषेपलीकडे कुणी टेकवला, गोल कुणी मारले हे छापून यायचं. पण ढिगाऱ्याखालून उठून तिसाव्या वेळी कोण आडवा गेला, याचा हिशेब कुणी ठेवत नसे. ज्याचा हिशेब राहिला नाही, ते काम पुढच्या पिढीपर्यंत पोचलंच नाही.

ब्रायन क्ले घ्या. १९५७ मध्ये तो सेंट जॉर्जकडे आला. डोक्यावरचे केस गेलेले, अंगानं ठेंगणा आणि भरीव. सगळे त्याला ‘पॉपा’ म्हणायचे. त्याची जागा फाइव्ह-एट्थची, म्हणजे फॉरवर्ड आणि बाहेर पळणारे सेंटर यांच्या मधल्या सांध्याची. विरुद्ध संघाचा हल्ला फिरून याच सांध्यावर येऊन आदळतो. त्या जागेवरचा खेळाडू चेंडू फेकण्यात हुशार असावा एवढीच तेव्हा अपेक्षा असे. क्ले हुशार होताच, शिवाय तो मुळातला फॉरवर्ड, त्यामुळे स्क्रमच्या पहिल्या फळीतल्या प्रॉपसारखा टॅकल करी. बाहेर उभ्या असलेल्या गॅस्नियरला आत धावून मदत करावी लागत नसे आणि चेंडू मिळाला की त्याच्या पायांत ताजेपणा शिल्लक असे. गॅस्नियरच्या त्या डौलदार धावांच्या पाठीशी क्लेनं आत झेललेला मार होता, असं मी ठामपणे म्हणेन.

यावर कुणी म्हणेल, रेपरची कीर्तीसुद्धा टॅकलवरच उभी होती, मग बचावाची कदर झाली नाही असं कसं? आक्षेप रास्त आहे. पण रेपरचा बचाव दिसणारा होता. प्रतिस्पर्धी सगळ्यांना चुकवून मोकळ्या मैदानात सुटला, प्रेक्षक उभे राहिले, आणि तेवढ्यात मैदानाच्या दुसऱ्या टोकाकडून तिरपा धावत येऊन रेपरनं त्याला गोलरेषेच्या अलीकडे गाठलं. हे दृश्य कुणी विसरत नाही. क्लेनं जो माणूस जागीच रोखला तो मोकळ्या मैदानात कधी सुटलाच नाही. टळलेल्या संकटाची आठवण राहत नाही. म्हणून रेपर अमर झाला आणि क्लेचं नाव जुन्या कोगराकरांपुरतं उरलं.

न गाजलेले सगळे बचावातलेच होते असंही नाही. जॉनी किंगचं उदाहरण मला चटका लावतं. गिलगँड्रा या ग्रामीण भागातल्या गावातून तो १९६० मध्ये आला आणि विंगर म्हणून, मैदानाच्या कडेला खेळला. १९६० ते १९६५ या सलग सहा अंतिम सामन्यांत त्यानं प्रत्येक वेळी ट्राय केली. १९६५ च्या सामन्याला ७८,०५६ प्रेक्षक होते, लोक स्टँडच्या छपरावर चढून बसले होते. त्या गर्दीसमोरही त्यानं ती केली. ट्राय म्हणजे तर मोजली जाणारी, छापली जाणारी गोष्ट. तरी किंगचं नाव गॅस्नियरच्या मागून येतं, कारण त्याच्या धावेच्या शेवटच्या दहा-पंधरा यार्डांआधी चेंडू गॅस्नियरच्या हातातून आलेला असे, ही समजूत. १९६३ मध्ये वेस्टर्न सबर्ब्सविरुद्ध चिखलात त्यानं केलेली ट्राय आठवली जाते ती वादामुळे. त्याला पाडलं होतं असं प्रतिस्पर्धी म्हणत राहिले. पंच डार्सी लॉलर यांनी खेळ चालू ठेवला, किंग उठून धावला आणि ट्राय झाली. त्याच सामन्यानंतर जॉन ओग्रेडी यांनी एक छायाचित्र टिपलं: चिखलानं माखलेला धिप्पाड प्रोव्हन आणि वेस्टर्न सबर्ब्सचा बुटका कर्णधार आर्थर समन्स एकमेकांना बिलगलेले. पुढे विजेत्यांचा चषकच त्या चित्रावरून घडवला गेला. त्या दिवसाची आठवण दोन कर्णधारांच्या नावे कायमची कोरली गेली आणि अंतिम सामन्यांत सहा वर्षं न चुकणाऱ्या विंगरच्या वाट्याला पंचाचा निर्णय तेवढा आला.

याहून वजनदार आक्षेप पैशाचा आहे. १९५६ मध्येच न्यू साउथ वेल्समध्ये क्लबना पोकर मशिन, म्हणजे जुगाराची यंत्रं, ठेवण्याची कायदेशीर मुभा मिळाली आणि क्लबांच्या तिजोऱ्या भरू लागल्या. सेंट जॉर्जनं १९६३ मध्ये इतकी आलिशान वास्तू बांधली की लोक तिला ताजमहाल म्हणू लागले. सचिव फ्रँक फेसर चांगल्या खेळाडूंच्या मागावर असत. तेव्हा हा सगळा पैशाचा खेळ होता, सामान्य खेळाडूंना कसलं श्रेय, असं म्हटलं जातं. पण मशिनं इतर क्लबांकडेही आली होती. आणि विजयांची मालिका सुरू झाली तेव्हा ती वास्तू उभी राहायला सात वर्षं होती. शिवाय पैसा माणूस आणतो, त्याला चिखलात ऐंशी मिनिटं उठायला लावत नाही. ती सवय संघाला लावली केन कर्नीनं. तो हूकर, आधी रग्बी युनियन या रग्बीच्या दुसऱ्या प्रकारात ऑस्ट्रेलियाकडून खेळला, मग इंग्लंडमध्ये लीड्सकडे राहून तिथली कडक, रेषा धरून पुढे सरकणारी बचावाची पद्धत शिकला आणि सिडनीत घेऊन आला. १९५७ ते १९६१ तो खेळाडू-प्रशिक्षक होता. ज्या काळात स्क्रममधून आलेला चेंडू कितीही वेळ ठेवता यायचा, त्या काळातला हूकर आणि त्यात बचावाचा गुरू; अकरा विजेतेपदांचं श्रेय एकाच माणसाला द्यायचं झालं तर मी ते कर्नीला देईन.

खेळाडूचं मोल पारखायचं असेल तर तो दुसरीकडे गेल्यावर काय झालं ते पाहावं. पॅरामाटा हा संघ १९५६ ते १९६१ सलग सहा वर्षं तळाला होता. १९६२ मध्ये कर्नी तिथे प्रशिक्षक म्हणून गेला आणि त्याच वर्षी पॅरामाटा पहिल्यांदा बाद फेरीत पोचला. त्या वर्षी केन थॉर्नेटसारखा उत्तम फुलबॅकही तिथे आला होता, म्हणून सगळं कर्नीच्या खात्यावर मांडता येणार नाही. पण सहा वर्षं तळाला रुतलेला संघ एका फुलबॅकनं वर येत नाही. दुसरं उदाहरण केव्हिन रायनचं. क्वीन्सलँडमधून आलेला हा आडदांड फॉरवर्ड युनियन आणि लीग, दोन्हींत ऑस्ट्रेलियाकडून खेळला, पुढे बॅरिस्टर आणि आमदारही झाला. १९६६ नंतर तो कँटरबरीकडे कर्णधार आणि प्रशिक्षक म्हणून गेला. १९६७ च्या अंतिम फेरीआधीच्या लढतीत याच कँटरबरीनं सेंट जॉर्जला १२-११ असं हरवलं आणि अकरा वर्षांची मालिका तिथे तुटली. कँटरबरी तब्बल वीस वर्षांनी अंतिम सामन्यात पोचला होता. त्याच वर्षी मर्यादित टॅकलचा नियम आला, एका वेळी चारच, आणि सेंट जॉर्जची पडती तिथून सुरू झाली असं सर्रास सांगितलं जातं. नियमाचा परिणाम झालाच असणार. पण नियम सगळ्यांना सारखाच होता आणि त्या दिवशी एका गुणानं जिंकलेल्या संघाचं नेतृत्व सेंट जॉर्जच्या चिखलात तयार झालेला माणूस करत होता. गॅस्नियर, रेपर, लँगलँड्स तेव्हाही सेंट जॉर्जकडेच होते. गेला होता तो रायन, आणि त्याच्यासोबत मॉन्टी पोर्टर, ज्याला नव्यानं स्पर्धेत उतरलेल्या क्रोनुलानं आपला पहिला कर्णधार केलं. क्रोनुलाचा पहिला प्रशिक्षक कोण? केन कर्नी. नवा संघ उभा करणाऱ्यांना अशा माणसांची किंमत बरोबर कळली होती.

आणि शेवटी हॅरी बाथ. तरुणपणीच तो इंग्लंडला गेला, वॉरिंग्टनकडून वर्षानुवर्षं खेळला आणि तिशी उलटल्यावर १९५७ मध्ये सेंट जॉर्जकडे आला. त्याच वर्षीच्या अंतिम सामन्यात मॅनलीविरुद्ध ३१-९ असा विजय मिळाला, त्यात आठ गोल एकट्या बाथचे होते. तीन मोसम, तीन विजेतेपदं, आणि तो निवृत्त झाला. ऑस्ट्रेलियाकडून तो एकही कसोटी खेळला नाही, त्यामुळे देशाच्या यादीत त्याचं नाव नाही. क्लबकडे तीनच वर्षं होता, त्यामुळे क्लबच्या आठवणीतही त्याला जागा थोडी. अकरा वर्षांची मालिका संपल्यावर सेंट जॉर्जला अजिंक्यपद मिळायला एक दशक गेलं. १९७७ मध्ये कोवळ्या पोरांचा संघ पॅरामाटाशी ९-९ असा बरोबरीत राहिला, अंतिम सामना पुन्हा खेळवावा लागला आणि तो सेंट जॉर्जनं २२-० असा जिंकला. १९७९ मध्ये पुन्हा विजेतेपद आलं. दोन्ही वेळा प्रशिक्षक होता हॅरी बाथ.