दातांची साक्ष



कामगार संघटनेचा माणूस व्याख्यानाला उभा राहिला की तो बोनस आणि महागाईवर बोलणार, अशी श्रोत्यांची रास्त अपेक्षा असते. आज मात्र आम्ही कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रात वावरणाऱ्या सरीसृपांच्या दातांविषयी बोलणार आहोत. आमचे शाळेतले शिक्षण सातवीत थांबले. पुढचे वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा शब्द अडाणी वाटले तर सांभाळून घ्यावे.

दातांची गोडी आम्हांला कारखान्यात लागली. वीसएक वर्षांपूर्वी एका यंत्राच्या चाकाचा दात तुटला आणि निष्काळजीपणाचा ठपका एका कामगारावर आला. चौकशीत आम्ही तो तुटका दात टेबलावर ठेवला. मोडीचा अर्धा भाग गंजलेला, अर्धा लखलखीत होता. म्हणजे तडा जुना होता. त्या दिवशी फक्त उरलेला भाग गेला. त्या माणसाची नोकरी वाचली. पण आम्ही उत्साहाच्या भरात, तडा माहीत असून लपवला, असा आरोपही वरिष्ठांवर केला होता. दाताने तेवढे सांगितलेले नव्हते. तो आरोप आम्हांला मागे घ्यावा लागला. पुरावा जेवढे सांगतो तेवढेच बोलावे, हा धडा त्या दिवशी मिळाला.

हाच धडा विद्वानांनाही घ्यावा लागला आहे. नेदरलंड्समध्ये मास नदीकाठी मास्ट्रिख्ट नावाचे शहर आहे. तेथील टेकडीच्या पोटात मऊ चुनखडकाच्या खाणी आहेत. अठराव्या शतकात त्या खाणींत दातांनी भरलेले प्रचंड जबडे सापडले. होफमन नावाच्या लष्करी शल्यवैद्यांना ते मगरीचे वाटले. मोठे शरीरशास्त्रज्ञ पेट्रुस कांपेर यांनी १७८६ साली ते देवमाशाचे ठरवले. पुढे १७९९ साली त्यांचेच चिरंजीव आद्रियान कांपेर यांनी वडिलांचे मत खोडून काढले. हा प्राणी घोरपडीच्या नात्यातला आहे, असे ते म्हणाले. क्युव्हिए यांनी १८०८ साली तेच मान्य केले. १८२२ साली कॉनिबेअर यांनी नाव दिले मोसासॉरस. मोसा हे त्या नदीचे लॅटिन नाव. या जबड्यात टाळूवरही दात होते. तसे दात सापांत आणि कित्येक सरड्यांत असतात. मगरीत किंवा देवमाशात नसतात.

आता एखादा सुटा दात हाती आला तर तो ओळखावा कसा? आम्ही तो हत्यारासारखा पाहतो. मोच्याची आर, सुताराची पटाशी आणि घरचा खलबत्ता यांचा आकारच त्यांचे काम सांगतो. अमेरिकन संशोधिका जुडी मसारे यांनी १९८७ साली समुद्री सरीसृपांच्या दातांचे असेच वर्गीकरण केले : भोसकणारे, कापणारे, चिरडणारे.

पण कामावरून कूळ ठरत नाही. त्यासाठी दाताचे मूळ पाहावे लागते. मोसासॉरसचा दात मागे वाकलेला असतो. त्याला पुढे आणि मागे धार असते. बाहेरची बाजू चपटी, आतली फुगीर. खाली फुगलेले, हाडासारखे बूड असते आणि ते जबड्याला घट्ट जखडलेले असते. त्याच कुळातल्या ग्लोबिडेन्सचे दात मात्र शिंपले फोडण्यासाठी गोटीसारखे गोल असतात. माशासारख्या देहाच्या इक्थिओसॉरचा दात शंकूसारखा असतो आणि त्याच्या मुळावर उभ्या वळ्या पडतात, कारण आतली दंतद्रव्याची भिंत चुणीसारखी दुमडलेली असते. याचे दात बहुधा एकाच लांब खाचेत ओळीने बसतात. लांब मानेच्या प्लेसिओसॉरचा दात सडपातळ, किंचित वाकलेला असून त्यावर बारीक उभ्या रेषा असतात. तो स्वतंत्र खोबणीत बसतो. मगरीचाही दात स्वतंत्र खोबणीतच बसतो. म्हणून येथे जाणकारही थबकतात. मूळ तुटून गेले असेल तर कूळ सांगावे, जातीचे नाव सांगण्याची घाई करू नये.

दुसरी साक्ष थराची. इक्थिओसॉर सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी संपले; मोसासॉर त्यानंतर फोफावले आणि ६.६ कोटी वर्षांपूर्वी नाहीसे झाले. तेव्हा दात कोणत्या थरातून आला हे कळले की निम्मे काम होते. आपल्या भागातला काळा पाषाण लाव्हाचा आहे. त्यात हे दात शोधू नयेत. पण कच्छमध्ये लोडाई गावाजवळ इक्थिओसॉरचा सांगाडा मिळाला. तो सुमारे साडेपाच मीटर लांबीच्या प्राण्याचा होता, आणि त्याची माहिती २०१७ साली प्रसिद्ध झाली. त्याचे दात झिजलेले होते. त्यावरून, तो कठीण कवचाचे भक्ष्य खात असावा, असे अभ्यासकांनी म्हटले. 'असावा' हा शब्द आम्हांला फार आवडला.

मोरोक्कोतल्या खुरिब्गाच्या फॉस्फेट खाणींतून मोसासॉरचे दात ढिगांनी निघतात आणि बाजारात विकले जातात. काही ठिकाणी खरे दात वाळू आणि गोंदात बसवून बनावट जबडे तयार होतात. खणणाऱ्याला आम्ही बोल लावणार नाही; पोटाला पैसा लागतो. पण दात थरापासून सुटला की त्याची अर्धी साक्ष बुडते, आणि ती नोंदवू शकणारा माणूस म्हणजे पहार चालवणारा. त्यालाच कोणी विचारत नाही. मास्ट्रिख्टच्या गोष्टीत वैद्यांची, पंडितांची नावे आली. ज्याच्या पहारीला जबडा प्रथम लागला आणि ज्याने हात आवरला, तो मजूर बिननावाचा राहिला. त्याने घाव घातला असता तर पंडितांना वाद घालायला काय उरले असते?

म्हणून आमची एक विनंती आहे. आपल्यापैकी कोणाच्या हाती खाणीतून किंवा विहिरीतून असे काही आले तर जागा, खोली आणि तारीख कागदावर लिहावी. आणि ज्याने ते खणून काढले त्याचे नावही लिहावे. दाताने साक्ष दिली. साक्षीदाराला हजर करणाऱ्याचीही नोंद असावी.