दिवाळीनंतर गाव सुटतं, गोळ्या सुटू नयेत

डहाणू लोकलमध्ये असाल किंवा तलासरीहून वापी-उंबरगावच्या शिफ्टला निघाला असाल, कानात इअरफोन राहू द्या. आजचा विषय: अँटिबायोटिक लागू पडेनाशी का होते?

आपण म्हणतो, "माझ्या अंगाला गोळीची सवय झाली." तसं नसतं. बदलतात ते जंतू. लाखोंमध्ये एखादा जंतू आधीच वेगळा असतो. औषध कमी पडलं की बाकीचे मरतात, तो उरतो आणि त्याचीच पिलावळ वाढते. मग तोच चिवट जंतू घरात दुसऱ्यालाही होऊ शकतो.

साध्या सर्दीत तर अँटिबायोटिकचा उपयोगच नाही, कारण सर्दी विषाणूंमुळे होते. पण गोळी घेतली की पोटातले निरुपद्रवी जंतू मरतात आणि चिवट शिल्लक राहतात. म्हणून मेडिकलमधून "दोन गोळ्या द्या" नको. पाकिटावर उभी लाल रेघ दिसली, तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही.

पोल्ट्रीचंही तेच. कोंबडी लवकर वाढावी म्हणून खाद्यात अँटिबायोटिक घातली की तिथेही चिवट जंतू तयार होतात. कोलिस्टिन हे माणसासाठी अगदी शेवटचं राखून ठेवलेलं औषध. २०१९ मध्ये सरकारने जनावरांसाठी त्याच्या वापरावर बंदी घातली.

पण आपल्या भागात मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती टीबीची. साध्या टीबीचा कोर्स सहा महिन्यांचा. दोन महिन्यांत खोकला थांबतो, भूक लागते, माणूस म्हणतो, "झालो बरा." तेवढ्यात भातकापणी उरकते, दिवाळी होते आणि कुटुंब वीटभट्टीवर निघतं. गोळ्या मागे राहतात. छातीत उरलेले जंतू मात्र सोबत जातात.

याचं टोक मुंबईने पाहिलंय. जानेवारी २०१२ मध्ये हिंदुजा हॉस्पिटलच्या डॉ. झरीर उदवाडियांनी असे टीबीचे रुग्ण जगासमोर आणले, ज्यांच्या जंतूंवर तपासलेलं एकही औषध चालत नव्हतं. त्याआधी त्यांनी धारावीतल्या १०६ खासगी डॉक्टरांना औषधांना दाद न देणाऱ्या टीबीची चिठ्ठी लिहायला सांगितली होती. बरोबर लिहिली फक्त पाच जणांनी. म्हणजे दोष नुसता पेशंटचा नसतो.

आणि पोटासाठी गाव सोडणाऱ्याला "जाऊ नका" कोण सांगणार? काम तर करावंच लागेल. पण कोर्स सोबत नेता येतो. सरकारी दवाखान्यात टीबीची औषधं फुकट मिळतात आणि प्रत्येक रुग्णाची नोंद 'निक्षय'वर असते. निघण्याआधी आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रात सांगितलं, तर ती नोंद नव्या ठिकाणी पाठवता येते. मग गोळ्या तिथेच मिळतात, अगदी गुजरातमध्येसुद्धा. आहारासाठी महिन्याला १००० रुपयेही आहेत, त्यासाठी बँक खातं नोंदवलेलं लागतं.

मोबाइल तुमच्या हातात आहे, म्हणून हे काम तुमचं. घरात, पाड्यावर कुणाचा टीबीचा कोर्स चालू असेल, तर गाडीत बसण्याआधी विचारा: "काका, गोळ्या कुठून घेणार?" उत्तर नसेल तर निक्षय संपर्काचा फुकट नंबर लावून द्या: १८००-११-६६६६.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!