अजिंठ्याला जाताना

(शालेय सहली व अभ्यासदौरे यांच्या नियोजनासाठी जमलेल्या शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व अधिकारी यांच्यापुढे केलेले भाषण)



अजिंठ्याच्या लेण्यांचे वर्णन करण्यासाठी मी येथे उभा नाही. ते काम माझ्यापेक्षा अधिकारी अशा विद्वानांनी केलेले आहे. माझ्याकडे सोपविलेला विषय साधा आहे: तेथे जावे कसे आणि पाहावे कसे. हा विषय काहींना गौण वाटेल. परंतु माहिती खात्यातील नोकरीच्या निमित्ताने पाहुण्यांना, पत्रकारांना आणि आपल्यासारख्या मंडळींना घेऊन मी अनेक वेळा त्या पायऱ्या चढलो आहे, आणि शेकडो मैलांचा प्रवास करून आलेली माणसे काहीही न पाहता परतताना मी पाहिली आहेत.

आरंभ माझ्याच एका चुकीने करतो. काही वर्षांपूर्वी पंचायत सदस्यांच्या एका अभ्यासदौऱ्याचा कार्यक्रम मी आखला होता. गाड्या फर्दापूरला पोहोचल्या तेव्हा कळले, की आज सोमवार आणि सोमवारी अजिंठा बंद! कार्यक्रमपत्रिका माझ्या हातची, तेव्हा दोष दुसऱ्या कोणाला देणार? त्या तुकडीत एक वयोवृद्ध सरपंच होते. ते शांतपणे म्हणाले, "साहेब, महादेवसुद्धा सोमवारी हमखास भेटतो, मग तुमची लेणीच कशी भेटत नाहीत?" तेव्हापासून मी एक गोष्ट पाठ करून ठेवली आहे, ती आपणही करावी. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. दोन्ही ठिकाणे एकाच सहलीत पाहायची असतील, तर बुधवार ते शुक्रवार हे दिवस धरावेत. शनिवार-रविवारी गर्दी फार होते.

अंतरांचाही अंदाज असू द्यावा. छत्रपती संभाजीनगरहून अजिंठा सुमारे शंभर किलोमीटर आहे, जळगावहून साठ. वेरूळ मात्र संभाजीनगरपासून तीस किलोमीटरच्या आत आहे. तेव्हा दोन्ही लेणी एका दिवसात 'उरकण्याचा' मोह टाळावा. सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत 'उरकणे' हा शब्द दिसला, की माझ्या मनात शंका उभी राहते. खाजगी गाड्या लेण्यांपर्यंत जात नाहीत. फर्दापूरच्या फाट्यावर त्या ठेवाव्या लागतात आणि पुढचे चार किलोमीटर परिवहन महामंडळाच्या बसने जावे लागते. शंभर मुलांची सहल असेल, तर या बदलीतच बराच वेळ जातो, हे वेळापत्रकात धरलेले नसते. पंधरा वर्षांखालील मुलांना पुरातत्त्व खात्याचे प्रवेशशुल्क नाही. ही गोष्ट पुष्कळ मुख्याध्यापकांना ठाऊक नसते, म्हणून मुद्दाम सांगतो.

ऋतूंपैकी ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ सोयीचा. पावसाळ्यात वाघूर नदी भरलेली असते, दरी हिरवीगार होते, आणि दरीच्या तोंडाशी सप्तकुंडाचा धबधबा कोसळत असतो. तो देखावा अपूर्व आहे यात संशय नाही. परंतु पायऱ्या निसरड्या होतात, आणि भिजलेल्या कपड्यांनी, ठिबकणाऱ्या छत्र्यांनी लेण्यांत शिरणारा समुदाय सोबत ओलावा घेऊन जातो. पावसात गेलोच, तर बाहेर पडवीत थोडे थांबून, अंग कोरडे करून मग आत जावे. एप्रिल-मे महिन्यांत काळा दगड इतका तापतो, की उघड्या पायांनी उभे राहवत नाही. आणि पादत्राणे तर चित्रांच्या लेण्यांबाहेर काढावीच लागतात. म्हणून सहज काढता-घालता येतील अशी पादत्राणे आणि जाड मोजे न्यावेत. वृद्धांसाठी डोलीची सोय आहे. तिचे दर बसण्यापूर्वीच ठरवून घ्यावेत. कड्यावर मधमाश्यांची मोठी पोळी असतात. आरडाओरडा, धूर आणि उग्र अत्तरे ही तिन्ही तेथे वर्ज्य समजावीत.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. लेण्यांची संख्या सुमारे तीस. त्यांना दिलेले क्रमांक हे काळाचे नव्हेत, ते केवळ वाटेवरच्या जागेचे क्रमांक आहेत. सर्वांत जुनी नऊ व दहा क्रमांकांची चैत्यगृहे मध्यभागी आहेत आणि ती सातवाहनकालीन, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. एक, दोन, सोळा आणि सतरा या लेण्यांतील जगप्रसिद्ध चित्रे पाचव्या शतकातील, वाकाटक राजा हरिषेण याच्या काळातील आहेत. बहुतेक सहली पहिल्या लेण्यापाशी रेटारेटी करतात आणि सव्वीसाव्यापर्यंत पोहोचेतो मुले थकून जातात. याच्या उलट करून पाहावे. सरळ चालत टोकाला जावे, सव्वीसाव्या लेण्यातील महापरिनिर्वाणाची सुमारे सात मीटर लांबीची मूर्ती ताज्या डोळ्यांनी पाहावी, आणि मग एकोणीस, सतरा, सोळा, दहा असे करीत पहिल्या लेण्याकडे परतावे.

चित्रांच्या लेण्यांत प्रवेश करताच पुष्कळांची निराशा होते. "आत तर काहीच दिसत नाही!" असे उद्गार मी दारातच ऐकले आहेत. उन्हातून आलेल्या डोळ्यांना अंधाराची सवय होण्यास काही मिनिटे लागतात. ती मिनिटे आपण देत नाही. पूर्वी वाटाडे बाहेर आरसे धरून उन्हाचा कवडसा भिंतीवर पाडीत असत. आता मंद विजेचे दिवे आहेत. आत जावे, भिंतीपासून दूर एका बाजूस उभे राहावे, बोलू नये. हळूहळू प्रथम पांढरे दिसू लागते, मग गेरू, मग हिरवा, आणि शेवटी तो निळा रंग. तो निळा दगड, म्हणजे लाजवर्द, आजच्या अफगाणिस्तानातील बदख्शानच्या खाणींतून इथवर आलेला आहे. बाकीचे रंग बहुतेक साध्या मातीचे आणि दगडाचे, काळा काजळीचा. छायाचित्रासाठी फ्लॅश वापरण्यास मनाई आहे. नियम नसता तरी मी हेच सांगितले असते, कारण एक फ्लॅश उडाला, की सरावलेले तीस जणांचे डोळे पुन्हा आंधळे होतात.

मुलांना सर्व काही दाखविण्याचा हट्ट नसावा. एका शिक्षिकेने अवलंबिलेली रीत मला फार आवडली. लेण्यात शिरण्यापूर्वीच त्यांनी प्रत्येक गटाला एकच शोध नेमून दिला होता. पहिल्या लेण्यात एक मस्तक आणि चार शरीरे असलेले हरिण शोधा. ते खांबाच्या शिरोभागी कोरलेले आहे. सतराव्या लेण्यात यशोधरा आणि राहुल यांच्यापुढे भिक्षापात्र घेऊन उभे असलेले बुद्ध शोधा. दुसऱ्या लेण्याचे छत पाहून तीन फुलांची नावे सांगा. ती मुले कुजबुजत होती, पण ओरडत नव्हती. आणि भिंतीला हात लावण्यास त्यांना सवडच नव्हती.

भिंतीला हात का लावू नये, हे मात्र मुलांना कारणासह सांगितले पाहिजे. केवळ दरडावून उपयोग नाही. ही चित्रे दगडावर रंगविलेली नाहीत. खडबडीत केलेल्या दगडावर माती, भाताचा कोंडा, गवताचे तंतू यांचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यानंतर डिंकासारख्या द्रव्यात कालवलेले रंग, अशी ती रचना आहे. रंग भिंतीत मुरलेला नाही, वर बसलेला आहे. आपल्या घरच्या सारवलेल्या भिंतीवर हात फिरविला तर काय होते, हे ग्रामीण भागातील मुलास सांगावे लागत नाही. येथे ते सारवण दीड हजार वर्षांचे आहे, आणि त्यातील तंतूंवर कीटकही टपलेले असतात. १९२० च्या सुमारास निजाम सरकारने इटलीहून तज्ज्ञ बोलावून पोपडे पक्के करविले. त्या कामी वापरलेली लाख पुढे पिवळी पडली आणि ती काढण्याचे नवे काम पुरातत्त्व खात्यावर येऊन पडले. तज्ज्ञांच्या सद्हेतूचाही असा परिणाम होतो. मग आपल्या घामेजल्या बोटांचे काय?

आणि प्रश्न केवळ बोटांचा नाही, श्वासाचाही आहे. फ्रान्समधील लास्को या गुहेत हजारो वर्षांपूर्वीची प्राणिचित्रे आहेत. १९४० साली ती काही मुलांना सापडली, १९४८ पासून लोकांसाठी खुली झाली आणि दिवसाकाठी हजाराच्या वर माणसे येऊ लागली. त्यांच्या श्वासातील कर्बवायू, उष्णता आणि दमटपणा यांनी भिंतींवर हिरवे शेवाळ धरले. १९६३ साली ती गुहा बंद करावी लागली. आज तेथे येणाऱ्यांना प्रतिकृती दाखवितात. त्यांतील पहिली १९८३ साली खुली झाली. अजिंठा जागतिक वारसा ठरला तेही त्याच वर्षी. आपल्या लेण्यांची तोंडे उघडी आहेत, त्यामुळे स्थिती तितकी बिकट नाही. तरीही चित्रांच्या लेण्यांत गर्दीच्या दिवशी मोजकीच माणसे आत सोडतात आणि लवकर बाहेर काढतात. त्या रखवालदाराशी आपण हुज्जत घालतो. तो आपला शत्रू नव्हे, हे कृपा करून आपल्या सोबतच्या मंडळींना सांगावे.

प्रतिकृतींचा विषय निघाला म्हणून सांगतो. रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याने १८४४ पासून वर्षानुवर्षे अजिंठ्यात राहून चित्रांच्या नकला केल्या. लंडनमधील क्रिस्टल पॅलेसला १८६६ साली लागलेल्या आगीत त्यांतील बहुतेक जळाल्या. पुढे १८७२ पासून मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी यांनी ते काम नव्याने केले. त्या नकलांपैकीही पुष्कळ १८८५ च्या लंडनमधील आगीत गेल्या. या दोघांनी जे पाहिले त्यातील बराच भाग आज भिंतीवरही नाही.

नाव कोरण्याच्या खोडीबद्दल मी मुलांना दहाव्या लेण्यात नेऊन बोलतो. मद्रास सैन्यातील जॉन स्मिथ हा अधिकारी शिकारीसाठी आला असता २८ एप्रिल १८१९ रोजी या लेण्यांपाशी पोहोचला. स्थानिक लोकांना ती ठाऊक होतीच. बाहेरच्या जगाला ती त्याच्यामुळे कळली. त्याने खांबावरील एका चित्रित आकृतीवरच आपले नाव व तारीख ओरखडून ठेवली. त्या वेळी आत मातीचा व दगडांचा थर साचलेला असल्याने ते नाव आज डोक्याच्या वर दिसते. मुले मान वर करून वाचतात आणि विचारतात, "सर, ह्याला दंड झाला का?"

फर्दापूर परिसरातील पंचायत सदस्य येथे आहेत, त्यांना एक विनंती. सोमवारी आलेल्या गाड्या फाट्यावरच परत जातात. रस्त्यालगत आधीच्या गावी, घाट सुरू होण्यापूर्वी, सुट्टीच्या वारांची ठळक पाटी लावता आली, तर माझ्यासारख्या कार्यक्रम आखणाऱ्यांची लाज राखली जाईल. शिदोरी खाली, प्रवेशद्वाराच्या आधीच सोडावी. लेण्यांत खाद्यपदार्थ नेता येत नाहीत. पाणी मात्र प्रत्येकाने सोबत ठेवावे. आणि परतीची शेवटची बस किती वाजता, हे वर चढण्यापूर्वीच विचारून घ्यावे.